न दिसणारी ज्योत

मोबाइल खिशात घाला आधी. आणि प्रिया, फिदीफिदी हसायचं असेल तर आत आईपाशी जा. ही थाप नाही. आपल्या गोडादऱ्यातल्या गजेंद्रवर गुदरलेली आहे.

मागच्या आखाजीची रात्र. अर्धी गल्ली सणाला गावाला गेलेली. गजेंद्र मात्र बमरोलीच्या एका मिलमध्ये गॅसिफायर पेटवायला निघाला. लाकडापासून गॅस करायची भट्टी ती; सकाळी त्याच गॅसवर कापड सुकवायचं. तिथंच दिवाळीत त्याचा थोरला भाऊ लोटू तोच विषारी गॅस नाकात जाऊन गेला होता. तेव्हापासून गजेंद्र रडला नाही की कुणावर चिडला नाही. जेव म्हटलं की जेवायचा, बस्स.

त्यानं भट्टी पेटवली. शेडच्या दारात चाचणीची नळी असते, तिच्या तोंडाला पेटता काकडा लावला. आधी पिवळी, धुरकट ज्योत. म्हणजे गॅस कच्चा. मग निळसर. मग इतकी फिकी, की अंगणातल्या लाइटात दिसेनाच. गॅस जितका चांगला तितकी ज्योत कमी दिसते, हे लोटूनंच त्याला शिकवलेलं. पण लोटू पुन्हा काकडा धरून खात्री करायचा. गजेंद्रनं नाही धरला. "झकास आहे गॅस," म्हणाला, अन् तिथंच दारात टेकला.

अरे, ज्योत विझली होती! गॅस तसाच शेडमध्ये भरत होता.

"पछी, काका?"

पछी? पुढं काय झालं तेच सांगतोय, दम धर. डोकं जड झालं. हातपाय स्वतःचे वाटेनात. आणि त्याला बरं वाटत होतं, ऐका. लोटू गेल्यापासून पहिल्यांदा बरं वाटत होतं.

तेवढ्यात पाठीमागून...

"गजू. ज्योत विझनी. ऊठ."

लोटूचा आवाज. घरातली अहिराणी.

गजेंद्र घाबरला नाही. घाबरायलाही काही उरलं नव्हतं त्याच्यात.

"दादा... मी बी येस तुनासंगे." तुझ्यासंगं येतो म्हणाला, बघा.



नुसती भट्टीच्या पंख्याची घरघर...

मग तीही नाही.

उजाडताना वॉचमन नितीनला तो फाटकापाशी सापडला. जिवंत. हॉस्पिटलात शुद्धीवर आला आणि "दादा, दादा" करत लहान पोरासारखा रडला.

नितीन परत मिलमध्ये आला. अंगणभर भट्टीची राख पसरलेली. त्या राखेत, शेडच्या दारापासून फाटकापर्यंत, गजेंद्रच्या टाचांच्या दोन लांब रेघा. काखेत धरून कुणी ओढत नेल्यासारख्या.

ओढणाऱ्याचं पाऊल... एकही नव्हतं.