जाताना गार, येताना गरम

वरच्या वस्तीतल्या मुलांचं रक्त, त्यातल्या पेशी जिवंत असेपर्यंत, खालच्या शहरातल्या प्रयोगशाळेत पोचवायचं, एवढंच या मोहिमेचं काम होतं. ऐकायला सोपं. पण मधे बर्फाची खिंड होती, फुगलेला ओढा होता, आणि रस्ता म्हणाल तर तो दरडीबरोबर दरीत गेला होता.

मोहिमेत माणसं तीन. प्रयोगशाळेत काम करणारी धाकटी, तिचा दादा आणि खेचरवाले काका. चौथं काकांचं खेचर. ते मादी होतं आणि स्वतःच्या मर्जीशिवाय पाऊल उचलत नसे, म्हणून सगळे तिला राणीसरकार म्हणत.

दादा कित्येक वर्षं गोवराची लस डोंगरावर पोचवत होता. लस तापली की वाया गेली, म्हणून तिचा गार डबा तो तळहाताच्या फोडासारखा जपायचा. तरीही गेल्या हिवाळ्यात लस टोचलेल्या मुलांनाच गोवर झाला. शहरातल्या मुलांना तीच लस, तेवढेच दोन डोस, आणि तिथे मात्र कोणाला काही नाही. "डबा उन्हात ठेवला असणार," असं आरोग्य कार्यालयातले साहेब बसल्या जागी म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी! तेव्हापासून दादा डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा चाचपू लागला. धाकटीला ते बघवत नसे.

तिला शंका वेगळीच होती. एकच लस सगळीकडच्या मुलांच्या अंगात एकसारखी वागते, हे कोणी सांगितलं? शहरातली मुलं उकळलेलं पाणी पिऊन वाढतात. वरची मुलं मेंढरांत लोळतात, ओढ्याचं पाणी पितात, पोटातल्या जंतांशी रांगत्या वयापासून झुंजतात. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे अंगातले पहारेकरी, त्याच लसीला वेगळं उत्तर देत असतील. तसं असेल तर त्यांना आणखी एक डोस हवा, आणि तो या हिवाळ्याआधी हवा. पण कार्यालय पुराव्याशिवाय हलणार नव्हतं. पुरावा होता त्या रक्ताच्या नळ्यांत, आणि रक्त काढल्याच्या दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पेशी तगल्या तरच तो पुरावा!

सकाळी रक्त काढून नळ्या दादाच्याच डब्यात भरून मंडळी निघाली. खिंडीच्या पायथ्याशी भाकरतुकडा खायला थांबली. धाकटी हात धुऊन वळते तो काय, दादा दोन्ही ओंजळींनी डब्यात बर्फ भरतोय!

"दादा! काय करतोस?"

"ऊन किती चढलंय बघ. तुझ्या नळ्या नासायला नकोत."

"काढ तो बर्फ. आधी काढ!"

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं दादाचं झालं होतं. पण लस वेगळी आणि जिवंत पेशी वेगळ्या. गारठल्या की त्या हातपाय गाळतात. त्यांना खोलीत बसलेल्या माणसाला बरं वाटेल इतपत ऊब लागते. धाकटीने हे काकांना निघताना समजावून सांगितलं होतं. डब्याबद्दल दादाला काय शिकवायचं, म्हणून त्याला तेवढं सांगितलं नव्हतं.

नळ्या वेळेवर निघाल्या, पण त्यांच्याखालच्या ऊब देणाऱ्या पिशव्या वितळत्या बर्फाने भिजून थंडगार पडल्या होत्या. दुसऱ्या पिशव्या जवळ नव्हत्या.

"म्हणजे आता खरंच माझ्या हातून बिघडलं," दादा म्हणाला.

"सांगायला मी चुकले. रडगाणं खाली जाऊन गाऊ. स्वेटर वर कर."

तिने नळ्यांचे तीन भाग केले, रुमालांत गुंडाळले आणि प्रत्येकाच्या पोटाशी बांधले. काकांनी आपलं पोट चाचपून पाहिलं.

"या वयात अंडी उबवायची वेळ आली," ते म्हणाले. "धक्का लावू नका रे. फुटलं तर पिल्लूसुद्धा निघायचं नाही."

खिंड चढताना आभाळ भरून आलं आणि माथ्यावर वारा सुटला. बर्फाचे कण डोळ्यांत घुसत होते, पुढच्या माणसाची पाठ दिसेना. राणीसरकार थांबली. काकांनी आधी गोंजारलं, मग दटावलं, शेवटी तिच्या कानाशी लागून बराच वेळ काहीतरी कबूल केलं. काय कबूल केलं ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही, पण ती चालू लागली, आणि तिची शेपटी धरून बाकीचे खिंडीपलीकडे उतरले.

खिंडीतून सुटका झाली म्हणावं तर खाली ओढा होता. पुलाच्या जागी दोन ओंडके. पाणी त्यांना चाटून जात होतं. राणीसरकार पोटापर्यंतच्या पाण्यातून सरळ पार गेली. काका गेले. धाकटी गेली. कमरेला दोर बांधून दादा शेवटी निघाला.

ओंडका फिरला. दादा गेला!

"दोर खोगिराला!" धाकटी ओरडली.

काकांनी हातातल्या टोकाची गाठ मारली. राणीसरकारने मागे पाहिलं, पाय रोवले आणि ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा, न विनवता! दादा काठाला आला. ओठ काळेनिळे, दात एकमेकांवर आपटत होते. हात मात्र पोटावर घट्ट.

"नळ्या बघ," तो पुटपुटला. "आधी नळ्या."

त्याच्याजवळच्या दोन फुटल्या होत्या, बाकीच्या गारठल्या होत्या. धाकटीच्या अंगात लोकरी कोट होता आणि त्याच्या उबेला तिच्या वाट्याच्या नळ्या. तिला फार विचार करावा लागला नाही. तिने कोट काढला.

"नको. नळ्या गारठतील," दादा म्हणाला.

"गारठू देत. रक्त पुन्हा आणता येईल. दादा कुठून आणू?"

काकांनी आपली कोरडी कांबळ दिली. दोघांनी मिळून दादाला कोरडं केलं, कोटात कोंबलं, त्याचे तळवे चोळले. स्वतःच्या कुडकुडणाऱ्या बोटांत कणभर ऊब यावी म्हणून धाकटीने ती राणीसरकारच्या खोगिराखाली खुपसली, आणि तशीच थबकली. तिथल्या घोंगडीच्या घड्यांत भट्टीसारखी नव्हे, अगदी हवी तेवढी ऊब होती!

तिघांच्या नळ्या त्या घड्यांत गेल्या. दादाला राणीसरकारवर बसवून चालणार नव्हतं, वाट फारच निसरडी होती. मग एका खांद्याला काका, दुसऱ्याला धाकटी, असे ते रस्ता बांधणाऱ्यांच्या पत्र्याच्या शेडपर्यंत पोचले. तिथे शेगडी होती. दादाने गरम पाण्याचा दुसरा पेला मागितला आणि तो गुळचट लागतो म्हणून कुरकुर केली, तेव्हा धाकटीला हुंदका आवरेना. माणूस कुरकुरू लागला म्हणजे वाचला.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत तिने पहिल्या नळीतला थेंब काचेवर घेतला आणि त्यात निळा रंग सोडला. मेलेली पेशी हा रंग पिते, जिवंत पेशी त्याला आत येऊ देत नाही. दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या दादाची आणि काकांची पाचावर धारण बसली होती. तिने भिंगाला डोळा लावला. निळी. आणखी एक निळी. तिने काच हळूच सरकवली. मग एक स्वच्छ, चमकदार, बिनरंगाची. तिच्या शेजारी दुसरी, तिसरी, आणि पुढे सगळी काचच तशी!

"आहेत," ती दारात येऊन म्हणाली. "पुरेशा आहेत."

काकांचा जीव भांड्यात पडला, हे त्यांच्या सुस्काऱ्यावरून कळलं. दादा नुसता मान खाली घालून बसला.

पेशींना लसीतला गोवर दाखवून त्या काय करतात हे पाहायला पुढचा आठवडा गेला. निकाल आला तेव्हा धाकटी तडक दादाच्या घरी गेली.

"वरच्या मुलांच्या पेशींनी त्याला ओळखलं, दादा. ज्यांना गोवर झालाच नव्हता, त्यांच्याही. भेट झाल्याशिवाय ओळख कशी असेल? लस जिवंत पोचली होती."



"मग आजारी का पडली पोरं?"

"शहरातल्या मुलांच्या पेशी त्याला बघून ओरडतात. यांच्या हळू बोलतात. दुबळ्या नाहीत रे. जंत दाखवले तर याच जोरात ओरडतात. यांना गोवराची ओळख आणखी एकदा करून द्यायची. तिसरा डोस मंजूर झालाय."

दादाने बाहीने डोळे पुसले, उठून डबा पुढ्यात घेतला. झाकण लावलं. धाकटी बघत राहिली. त्याने ते पुन्हा चाचपलं नाही.

"एवढं एकदा नीट सांग," तो म्हणाला. "या खेपेला गार की गरम?"