आईने लावलेला चार्जर

"तळ्यापर्यंत शर्यत! जो हरेल त्याने सगळ्यांच्या सायकली धुवायच्या!" लाटणं दारातूनच ओरडली. उंच आणि सडपातळ, म्हणून तिचं नाव लाटणं. मागे तिचा धाकटा भाऊ प्रोफेसर, चष्मा सावरत.

"बरं," खारू म्हणाली.

सुट्टी लागल्यापासून ती सगळ्यालाच "बरं" म्हणत होती. दोन महिन्यांपूर्वी तिची आई अचानक गेली. माणसं येऊन रडून गेली, खारू मात्र रडली नाही. दात काढायच्या इंजेक्शनने गाल कसा बधिर होतो, तशी ती सगळीच बधिर झाली होती. बाबांचीही तीच गत. दोघांचं बोलणं म्हणजे "जेवलीस?" आणि "हो".

"ए, हा नेलपॉलिशसारखा वास कुठून येतोय?" प्रोफेसरने नाक फेंदारलं.

वास येत होता दारामागच्या, आईच्या इलेक्ट्रिक सायकलमधून. बॅटरी फुगून तिचं आवरण तडकलं होतं. प्रोफेसरने नुसता हात जवळ नेला आणि झटकन मागे घेतला.

"केवढी तापलीये! चार्जर कधीचा लावलाय?"

"आईने लावला होता," खारू सपाट आवाजात म्हणाली. "दुसऱ्या दिवशीच्या ड्यूटीसाठी."

"म्हणजे दोन महिने?"

लाटणंने त्याला कोपर मारलं आणि स्वतःच बटणाकडे हात नेला. तेवढ्यात शेजारच्या कॉटवरून खारूचे बाबा गरजले, "हात लावायचा नाही! तिने लावलंय ते!"

झालं! आता मोठ्या माणसाशी कोण वाद घालणार? पण घराला दार एकच, सायकल त्याच्या तोंडाशी आणि बाबांची कॉट तिला खेटून. पेटली तर पळणार कुठून? तिघं जिन्यात आली.

"मी फायर ब्रिगेडला फोन करते," लाटणं कुजबुजली.

"अगं, पण आग लागलीये कुठे?"

"मग लागायची वाट बघू का, शहाण्या? तू खाली जाऊन यांचा मेन स्विच बंद कर, पळ!"

"आणि खारूच्या बाबांना बाहेर कोण काढणार?" प्रोफेसरने विचारलं.

दोघांनी खारूकडे पाहिलं.

खारू आत गेली. बाबा भिंतीकडे बघत बसले होते.

"बाबा, मला भीती वाटतेय," ती म्हणाली. शुद्ध थाप! तिला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. पण बाबा ताडकन उठले. "कसली गं? काय झालं?" विचारत, चपलाही न घालता ते तिच्यामागे जिना उतरले. खाली पोचेपर्यंत खारूने त्यांचा हात घट्ट पकडला होता.

बंब आला. अग्निशमन दलाच्या ताईंनी जाड हातमोजे चढवून बॅटरी काढली आणि वाळूच्या लोखंडी पेटीतून मोकळ्या अंगणात नेली. "सगळे लांब व्हा!"

दहा मिनिटं काहीच नाही. "पोरांनी उगाच गोंधळ घातला," शेजारी कुजबुजले. आणि एकदम फुस्स्! धूर उसळला, पाठोपाठ पुरुषभर उंच ज्वाळा! शेजारी धडपडत मागे सरले.

"अहो, दाराच्या तोंडाशी बॅटरी, तीही दिवसरात्र चार्जिंगला?" ताई बाबांवर कडाडल्या. "भरली की काढायची! फुगली, तापली, वास आला की बाहेर पडायचं आणि आम्हाला बोलवायचं. एवढं या पोरांना कळलं. शाबास रे! अख्खी इमारत वाचवलीत!"

प्रोफेसरची छाती चार इंच फुगली. "आता शर्यतीत हरलो तरी चालेल," तो म्हणाला.

बाबा पायरीवर मटकन बसले. "माझ्याच्याने बटण बंद होत नव्हतं गं. मी तुलाही गमावून बसलो असतो."

"बाबा, मी थाप मारली होती. मला भीती वाटत नव्हती."

"आणि आता?"

उत्तर द्यायला खारूने तोंड उघडलं आणि तिला हुंदकाच फुटला. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती रडली, मोठमोठ्याने, नाक गळेपर्यंत. बाबांनी तिला कुशीत ओढलं.

"मला आई पाहिजे," ती म्हणाली.

"मलापण गं," बाबा म्हणाले.