तिसऱ्या हाकेला ओ

दोन हजार चार सालचा मे महिना. भोरच्या बाजारपेठेतलं शाकिरचं सायबर कॅफे म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक मोडेम आणि एसटीडीचा फोन. पाटी मात्र दुकानापेक्षा मोठी. भर दुपारी शिवऱ्याहून त्याची धाकटी बहीण झुबेदा आली आणि ओढणीनं घाम न पुसताच म्हणाली, "भाई, आज तरी लागतंय का बघा."

लागायचं होतं आखातात. तिचा नवरा झुल्फिकार तिथल्या एका कंपनीत वेल्डर होता. आठवड्यामागं त्या कंपनीत आग लागल्याची बातमी टीव्हीवर दिसली, आणि तेव्हापासून ना फोन, ना चॅट. माणूस आहे की गेला, तेच कळत नव्हतं. झुबेदाचा जीव टांगणीला लागला होता. शाकिरचाही, पण थोरल्या भावाला तसं दाखवून चालत नाही.

त्यानं झुल्फिकार राहायचा त्या कामगारांच्या कॅम्पातल्या कॉम्प्युटरचा पत्ता टाकला आणि मशीनला वाट शोधायला लावलं. स्क्रीनवर एकेक ओळ उतरू लागली.

"हे काय?"

"तुझा निरोप कुठनं कुठनं जातो ते. हे भोरचं एक्स्चेंज. हे पुणं. ही मुंबई, हितं मोठा गेटवे. गेटवे म्हंजी गावाची येस समज, सगळ्या गावांची रहदारी तिथूनच भाईर पडती. मग समुद्राच्या तळातनं केबल, आन् पल्याड डेटा सेंटर. तिथं हजारो मशिनी रातंदिस जाग्या असत्यात. दर ठिकाणाला आपली मशीन तीनदा हाक मारती. ओ आली की किती वेळ लागला ते लिवती, न्हाई आली की चांदणी काढती."

झुबेदा बघतच राहिली. शिवऱ्याहून भोरला यायला तिचा घामटा निघाला होता, आणि हाक तर पापणी लवेपर्यंत समुद्र उतरून गेली होती.

"तीनदाच का?"

"तीनदाच. तशीच बसवलीया."

दोघांनाही एकदमच सगुणाबाई आठवली. किकवीला त्यांच्या लहानपणीच्या घराची शेजारीण, आता हयात नाही. तिन्हीसांजेला अंगणात बसून पोरांना बजावायची, "एका हाकेला ओ देऊ नगा. भूत एकदाच बोलावतं. तिसऱ्या हाकेला ओ द्या, ते माणूसच असतं." लग्नानंतर झुबेदानं हे नवऱ्यालाही शिकवलं. तो असा वस्ताद, की जेवायला बोलावलं तरी तिसऱ्या हाकेशिवाय जागचा हलत नसे.

डेटा सेंटरच्या पुढं चांदण्याच होत्या. रोज वाट तिथंच मुकी व्हायची. शाकिर बंद करायला गेला आणि वीज गेली. पंखा थांबला. मोडेमचे दिवे विझले. यूपीएसवर स्क्रीन तेवढी जळत राहिली, आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास खोलीभर पसरला.

बाहेर जायला आता वाटच नव्हती. तरी खाली आणखी एक ओळ उतरली. कॅम्पातल्या कॉम्प्युटरची. एक चांदणी. दुसरी चांदणी. आणि तिसरीच्या जागी आकडा. शून्य.

"शून्य म्हंजी?"

"म्हंजी... लई जवळ. ह्या मोडेमपेक्षाबी जवळ."

"तिसऱ्या हाकेला ओ दिली," झुबेदा पुटपुटली. "हायेत ते."

शाकिरच्या अंगावर काटा आला. भीतीचा म्हणवेना. देवळा-मशिदीत मान आपोआप खाली जाते, तशी त्याची त्या विझलेल्या मोडेमपुढं गेली.

तिन्हीसांजेला फोन वाजला. झुल्फिकार. जिवंत होता. झुबेदा हमसून रडली. शाकिर रिसीव्हरला कान लावून उभा राहिला.

"कॅम्पातल्या केबला जळाल्या, अजून जोडल्या न्हाईत. आज कुठं शहरात यायला मिळालं," तो सांगत होता. "पण दुपारच्याला तू बोलावलंस न्हवं? बंद कॉम्प्युटरपाशी बसलो हुतो. तुझाच आवाज. तिसरीला ओ दिली म्या. लई बरं वाटलं बघ. मग चौथी आली..."

शाकिरनं रिसीव्हर ओढून घेतला. "चौथी न्हाई रं. मशीन तीनदाच बोलावती."

"आली की, भाई. खांद्यामागनं."

"मग?"

"मग काय... दिली ओ."

चौथ्या हाकेचं सगुणाबाईनं कधी काही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात, तिकडं समुद्रापार, झुल्फिकारनं तोंड रिसीव्हरपासून वळवलं आणि कुणाला तरी म्हणाला, "ओ."