तिपाई

ती गेली होती जनावरांच्या डॉक्टरच्या आईची कवळी द्यायला. मांजर आणायला नव्हे. पुढे कुणी विचारलं तर हे ती आवर्जून सांगे.

तिला सगळे कवळीताईच म्हणत. घराच्या मागच्या खोलीत तिचं काम चाले. प्लास्टरचे जबडे, गुलाबी मेण, आणि त्या मेणात एकेक करून बसवायचे दात. आसपासची निम्मी म्हातारी माणसं मी केलेल्या दातांनी हसतात आणि उरलेली निम्मी त्याच दातांनी भांडतात, असं ती म्हणायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. तिचा फोन "जेवलीस का" ने सुरू व्हायचा आणि "अशी एकटी राहू नकोस गं" वर संपायचा.

डॉक्टरच्या आईने आरशात पाहून तोंड वाकडंतिकडं केलं, "बरी आहे, पण माझे दात काही असे नव्हते" एवढं बोलून घेतलं आणि कवळी ठेवून घेतली. निघताना ताईची नजर दवाखान्यातल्या पिंजऱ्याकडे गेली. आत एक लहानखुरी करडी मांजरी बसली होती. पुढचा उजवा पाय नव्हता. खांद्यापाशी बोटभर खुंट तेवढा उरला होता.

"ते जुनं गोदाम पडलं ना, तिथली आहे," डॉक्टर म्हणाला. "जखम भरलीय. पण तीन पायांचं मांजर नेतंय कोण?"

"का? तिपाई तीन पायांवरच उभी राहते की."

"मग न्या तुम्हीच."

बोलता बोलता नाव पडलं आणि मांजर घरात आलं.

तिपाईचं करणं म्हणजे एक नवी विद्याच होती. दुधाची वाटी पाटावर ठेवावी लागे, कारण खाली वाकली की ती नाकावर पडायची. खिडकीशी चढायला ताईने फळी तिरकी लावून दिली, वर गोणपाट ठोकलं. चेहऱ्याची उजवी बाजू तिला स्वतःला पुसता येत नसे. ती मान तिरकी करून बसायची आणि खुंट नुसता वरखाली हलायचा, जणू पंजा तिथं आहेच. मग ताई ओलं फडकं घेऊन तेवढा गाल पुसून द्यायची. सगळा भार डाव्या पायावर, म्हणून तो खांदा रोज संध्याकाळी चोळायचा. रिकाम्या घरात कुणीतरी आपल्या हाताची वाट पाहतंय, हे ताईला बऱ्याच वर्षांनी कळत होतं.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात यायला वेळ लागला. दिवेलागणीच्या सुमाराला तिपाई जिथं असेल तिथं थांबायची. बसायची. खुंट पुढे व्हायचा आणि ताठ राहायचा. खांद्याची कातडी ओढल्यासारखी ताणायची. ती ओरडायची नाही, पळायची नाही. कान मागे टाकून, पुढ्यातल्या फरशीकडे बघत राहायची. काळोख नीट पडला की अंग झटकून उठायची.

"तुटलेला पाय दुखतो असं माणसंही सांगतात," डॉक्टर म्हणाला. "मांजराचंही तसंच असेल."

ताईने मान हलवली. पण तिपाई वाळत चालली होती. वाटी तशीच राही. फासळ्या हाताला लागू लागल्या, आणि दिवेलागणीचं ते बसणं रोज थोडं लांबत गेलं.

एका संध्याकाळी ताई खांदा चोळत होती. दिवा अजून लावला नव्हता. मागच्या खोलीतून वितळलेल्या मेणाचा वास येत होता, बाहेर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं, आणि मग सगळं शांत झालं. तिपाई हाताखाली ताठ झाली. ताईचा हात डाव्या खांद्यावरून उजवीकडच्या खुंटावर आणि तिथून सहज पुढे घसरला, जिथं पाय असायला हवा होता तिथं...

बोटांना काहीतरी लागलं.

गार होतं. कोरडं, खरबरीत. ताईने हात मागे घेतला नाही. भीती वाटायच्या आधी बोटांनी आपलं काम केलं होतं. मेणावरून नुसता अंगठा फिरवून कुठला दात केसभर वर आहे ते सांगणारी बोटं ती. त्यांनी चार उंचवटे मोजले आणि शेजारी आडवा पडलेला अंगठा ओळखला.

ती मूठ होती. घट्ट मिटलेली.

दुसऱ्या दिवशी ती दवाखाना उघडायच्या आधी दारात उभी होती.

"डॉक्टर, हिचा पाय तुम्ही कुठं कापलात?"

डॉक्टरने किल्ली कुलपात तशीच ठेवली.

"तिथंच," तो म्हणाला. "ढिगाऱ्यात. फटीतून मांजर दिसत होतं, पण निघत नव्हतं. पाय... पाय धरलेला होता, ताई. विटांखालून एक हात बाहेर आला होता, मनगटापर्यंत. जीव केव्हाच गेलेला. पण बोटं काही केल्या सुटेनात. पाय चिरडला होताच. म्हणून मी..."

"गोदामाचा राखणदार गेला ना त्यात?"

"हो, म्हातारा. हात त्याचाच असणार. एकटाच असायचा तिथं. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही हिला नेली नसती."

ताई घरी आली आणि दिवसभर कामाला बसली, पण एक दात धड बसेना. अंगावर विटा, नाकातोंडात धूळ, आणि त्या काळोखात हाताला लागलेला एवढासा ऊबदार पाय. तो कुणी सोडला असता? आपण सोडला असता का? तिला म्हाताऱ्याचा राग येईना. आणि तिपाई तर कोपऱ्यात पडून होती, श्वासागणिक पोट खपाटीला जात होतं.

संध्याकाळी ताईने दार लावलं आणि मांजरीला मांडीवर घेतलं. खुंट पुढे झाला, ताणला. ताईने त्यापुढच्या रिकाम्या जागेत आपला उजवा हात नेला आणि त्या गार मुठीवर ठेवला.

"काका," ती हळूच म्हणाली, "ही लहान आहे हो. किती दिवस धरून ठेवणार? हिला सोडा... हवं तर माझा धरा."

काही झालं नाही. बाहेर अंधार दाटत गेला. मग करंगळी हलली. एकेक बोट उघडलं, अगदी सावकाश, गंजलेल्या बिजागरीसारखं. आणि तेवढ्याच सावकाशीने ती बोटं ताईच्या हाताभोवती मिटली.

तिपाईने अंग झटकलं. मांडीवरून टुणकन उडी मारली, तीन पायांवर उड्या घेत स्वयंपाकघरात गेली आणि वाटी चाटूनपुसून मोकळी केली. ताई अंधारात हात पुढे करून बसली होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्यानंतर तिपाई अशी भरली की डॉक्टरनेच खाणं कमी करायला सांगितलं. आणि ताई रोज दिवेलागणीला खुर्चीत बसायची, हात बाजूला सोडायची. तो यायचा, थोडा वेळ धरायचा, जायचा. माणसाला सवय कशाचीही होते. ती त्याला दिवसभरातलं काहीबाही सांगायची, कुणाची कवळी टोचते, कुणी चहात बुडवून मोडली. हात पहिल्यासारखा गार राहिला नव्हता. मुलगी फोनवर "एकटी राहू नकोस" म्हणाली की ताई नुसतं "बरं" म्हणायची.

एका दुपारी एक बाई आली. चाळिशीची, कपड्यांना इस्त्रीचा वास. "डॉक्टरांनी पत्ता दिला," ती म्हणाली. "गोदामाचा राखणदार, त्याची मी मुलगी. बाबा या मांजरीला आपल्या डब्यातलं खायला घालायचे. एकदा बघावं म्हटलं."

ताईने तिला मेजाशी बसवलं, चहा दिला. तिपाई ताईच्या मांडीवर येऊन बसली. बाई मांजरीकडे बघत राहिली, डोळे पुसले. तिला काहीतरी धीराचं सांगावं म्हणून ताई म्हणाली, "शेवटी ही होती त्यांच्यापाशी. तेवढी तरी सोबत झाली त्यांना. त्यांनी हिला धरून ठेवलं होतं."

बाईने कप खाली ठेवला. "नाही हो. कुणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"बाबा फाटकापाशी सापडले. भिंत बाहेरच्या अंगाला पडली ना. मी तिथंच होते, माझ्यासमोर त्यांना उचललं. मांजर दुसऱ्या दिवशी काढलं, अगदी आतून. मागच्या कुलपाच्या खोलीतून."

"पण आत... आत कुणीतरी होतं ना?"

"कुणी नव्हतं. सगळा ढिगारा उपसला त्यांनी, जमीन लागेपर्यंत. मांजराशिवाय काही निघालं नाही. त्या खोलीत बाबा कधी पाय टाकायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, कुलूप आहे ना, मग असू दे."

तिपाई मांडीवरून उतरली. भिंतीला घासत गेली, दाराशी जाऊन वळली, आणि तिथूनच मेजाखाली टक लावून बघत राहिली. शेपटी फुगली होती.

भर दुपार होती. खिडकीतून ऊन थेट फरशीवर पडलं होतं. या वेळी तो कधीच येत नसे.

मेजाखाली ताईचा उजवा हात कुणीतरी धरला. ताईने तो ओढून पाहिला. सुटला नाही. समोरची बाई दोन्ही हात मेजावर टेकून काहीतरी विचारत होती, बरं वाटत नाही का, पाणी आणू का.

मग त्या धरलेल्या हाताच्या पाठीवर दुसरा एक हात अलगद येऊन टेकला, आणि लहान मुलाला गप्प करताना थोपटतात तसा, हळूहळू थोपटू लागला.