चढावरच्या फळ्या

सांगते, पण मध्ये हसायचं नाही. मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढलेली बाई आहे. भिंगाखाली दिसत नाही त्यावर माझा सहजासहजी विश्वास बसत नाही.

त्या रविवारी मी साधं घर बघायला निघाले होते, तेही दुसऱ्यांदा. ऑक्टोबर महिना, चर्च आटोपलेलं. माझी कोरिन मागच्या सीटवर पिवळा झगा चुरगाळत बसली होती. नवरा येणार होता, पण त्याच्या औषधांच्या दुकानातला माणूस ऐनवेळी आजारी पडला, म्हणून आम्ही दोघीच निघालो.

तोवर आम्ही शहराच्या उत्तरेला राहत होतो. घर छान, शाळा छान, शेजारी गोरे, आणि तेही तसे छानच. पण कोरिन नऊ वर्षांची झाली, सायकल घेऊन कोपऱ्यापलीकडे जायला लागली, आणि लोक तिला अडवायला लागले. "बाळ, कुणाकडे आलीस तू?" अगदी हसून विचारायचे. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा पोलीस तिला दारापर्यंत सोडायला आला आणि मलाच म्हणाला, "ही इथेच राहते का?" त्या दिवसापासून सायकल गॅरेजमध्ये उभी राहिली. मी विचारलं तर कोरिन म्हणाली, "टायरात हवा नाही." हवा होती. मी दाबून पाहिली होती.

तेव्हा मी ठरवलं, आता आपल्या माणसांत राहायचं. थॅडियस, म्हणजे माझा नवरा, चिडवायला लागला. "मोठं घर पाहिजे, शाळा चांगली पाहिजे, आणि झाडून सगळा रस्ता काळ्या माणसांचा पाहिजे. रोवेना, तू घर शोधतेयस की स्वर्ग?"

"स्वर्गाला अजून वेळ आहे," मी म्हटलं. "मी लार्कस्पर रस्ता शोधतेय."

जॉर्जियातल्या आमच्या शहरात लार्कस्पर रस्ता माहीत नाही असा माणूस नाही. विटांची ऐसपैस घरं, मॅग्नोलियाची जुनी झाडं, पाऊल टाकायला जीव होऊ नये अशी हिरवळ. न्यायाधीश, हृदयाचे डॉक्टर, निवृत्त वैमानिक, तीन अंत्यविधीगृहांचा मालक, आणि सगळे आमच्यातले. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक न्यायाधीश अर्ध्या चड्डीत गुलाबांना पाणी घालत होते. त्यांनी हात वर केला. मी मागे वळून पाहिलं, कुणाला करताहेत म्हणून. मागे कुणी नव्हतं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

या रस्त्यावर विक्रीची पाटी लागत नाही. घर रिकामं होणार हे आधी डेल्फीनबाईंना कळतं, मग मालकाला. डेल्फीनबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, वय त्र्याऐंशी, डोक्यावर टोपी आणि जिभेला धार. कैलासवासी डॉक्टर पेटिफर्डांचं घर त्यांनीच मला आणि कोरिनला फिरवून दाखवलं.

"नवरा काय करतो?"

"औषधांचं दुकान आहे."

"हसतो का?"

"कधी कधी."

"होईल सवय. आता ऐक. पेटिफर्डच्या बहिणीचं म्हणणं आहे, रस्ता हो म्हणेल त्यालाच घर. रविवारी पाचला माझ्या ओसरीवर या. चार म्हातारी खोडं असतील, केक असेल. ती विचारतील, तुम्ही कुणाचे. सहाला मेम्फिसचं एक कुटुंब येणार आहे. तुझी पोर मला आवडली, पण मेम्फिसची पोर पियानो वाजवते. उशीर करू नकोस."

म्हणून त्या रविवारी मी साडेचारलाच निघाले. मोठा रस्ता सोडला की ओढ्यावरचा लहान पूल लागतो, मग दोन्ही बाजूंना पाइनची झाडी, आणि मग चढ. चढ संपला की लार्कस्पर. दहा दिवसांपूर्वीच मी त्या वाटेने गेले होते.

चढाच्या मध्यावर रस्ता बंद होता.

जमिनीत रोवलेले जाड खांब, त्यांच्यावर आडव्या ठोकलेल्या दोन फळ्या, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या. रंग ओला असावा, कारण वास येत होता. रंगाचा, नव्या कापलेल्या लाकडाचा आणि डांबराचा. मी गाडी बंद केली आणि मग लक्षात आलं की झाडीतले किडे गप्प झालेत. पानसुद्धा हलत नव्हतं. ऊन मात्र तसंच होतं, पिवळं, मवाळ. मी डेल्फीनबाईंना फोन लावला.

"बाई, तुमचा चढ बंद आहे. फळ्या ठोकल्यात."

पलीकडे मघापासून चाललेला हशा थांबला. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं असावं.

"किती फळ्या?"

"दोन."

"काळ्यापांढऱ्या?" त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "रोवेना... त्या फळ्या बासष्ट साली काढल्या. मी होते तिथे."

बासष्टची ती गोष्ट आम्ही सगळे ऐकून होतो. तेव्हा चढावरची घरं गोऱ्यांची होती. खालच्या आपल्या लोकांनी वर घरं घेऊ नयेत म्हणून रस्ताच अडवला होता. पण ती गोष्ट होती, आणि या फळ्यांची सावली माझ्या गाडीच्या टपावर पडली होती.

"कुणी आहे का तिथे?" डेल्फीनबाईंनी विचारलं.

तोवर नव्हतं. मग खांबाआडून एक माणूस पुढे आला. उंच, वाळलेला, काळा, मजुराचे कपडे, कोपरापर्यंत डांबराने माखलेले हात. टोपी त्याने काढून छातीशी धरली होती. फोनमधून काहीच ऐकू येईना.

तो खिडकीशी वाकला. "कुणाकडे जायचंय?"

माझं डोकंच फिरलं. भीती वाटायच्या आधी संताप आला. इतकी वर्षं तोच प्रश्न, आणि आता इथेही?

"तुम्हाला काय करायचंय?" मी म्हटलं. "रस्ता तुमच्या बापाचा आहे का?"

तो रागावला नाही. त्याने पापणीही हलवली नाही. "तसं नाही, बाई... कुणाच्या तुम्ही?"

मी काच वर करायला लागले. मागून कोरिन म्हणाली, "आई, सांग की. ते आपली माणसं विचारताहेत."

आमच्याकडे दर उन्हाळ्यात सगळं घराणं एका बागेत जमतं, आणि जेवणाआधी पोरांना एकेकाला उभं करून पिढ्या म्हणायला लावतात. कोरिनने तिच्या बाजूची काच खाली केली आणि खडाखडा म्हणून दाखवलं. "मी कोरिन. रोवेनाची. रोवेना इनेझची. इनेझ टेंपीची."

"टेंपीची..." तो म्हणाला. "टेंपीची आणि कुणाची?"

कोरिनने माझ्याकडे पाहिलं. तिला कुणी शिकवलंच नव्हतं. माझ्या आजोबांचं नाव आमच्या घरात घेत नसत. आजीने त्यांचे फोटो जाळले होते. का, ते मी एकदाच विचारलं, तेव्हा आईने मला जेवणावरून उठवलं होतं. नाव मात्र मला माहीत होतं.

"ऑबी," मी म्हटलं. "ऑबी मॅकलेंडन."

त्या माणसाने हळूच फळीवर हात ठेवला. "टेंपीने सांगितलं नसेल... हे खड्डे मी खणले. गोऱ्या साहेबांनी फावडं दिलं. घरात पाच पोरं होती. आपली माणसं इथे उभी राहून काय काय बोलली... खरंच बोलली. वर मी कधी गेलो नाही. मला कोण येऊ देणार?"

पळायचं होतं, पण गाडी सुरू करायला बोटं वळेनात. आणि कोरिनने, माझ्या गुणी पोरीने, मागचं दार उघडलं. वडीलधाऱ्या माणसाला रस्त्यात उभं ठेवायचं नाही, हे मीच तिच्यावर बिंबवलं होतं.

"बसा ना, आजोबा."

गाडी मागून दबली. डांबराचा वास आत आला. मी आरशात पाहिलं नाही. समोर पाहिलं तर फळ्या नव्हत्या, खांब नव्हते, नुसता चढ होता. किडे पुन्हा ओरडत होते. मी गाडी सुरू केली.

"कशाला एवढा आटापिटा, पोरी?" मागून आवाज आला. "वर यायचा?"

"हिला कुणी रस्त्यात अडवू नये म्हणून," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

मागची सीट करकरली, तो पुढे वाकला असावा. मग म्हणाला, "मी बघतो ते."

लार्कस्परवर सगळ्या ओसऱ्यांवर माणसं होती. नेहमीसारखे हात वर झाले, पण नजरा मागच्या सीटकडे होत्या. न्यायाधीशांनी तर टोपी काढली. डेल्फीनबाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांचाही हात वर झाला आणि तसाच राहिला. मी गाडी थांबवली तेव्हा कोरिनच्या शेजारची जागा रिकामी होती. सीटवर लाकडाचा भुसा सांडलेला होता.

डेल्फीनबाई तो भुसा बघत राहिल्या. "मी वीस वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "त्याच्या तोंडावर थुंकले होते मी. त्याने पुसलंसुद्धा नाही... खांब ठोकत राहिला." मग कोरिनला जवळ घेऊन त्या ढसाढसा रडल्या. त्या म्हाताऱ्या बाईसमोर मला माझी लाज वाटली, माझ्या घराण्याची वाटली, आणि तिच्याबद्दल जे वाटलं त्याला आदराखेरीज दुसरं नाव नाही. ओसरीवरच्या त्या चौघांनी आम्हाला एकही प्रश्न विचारला नाही. सहाच्या आत घर आमचं झालं.

सुरुवातीचे तीन महिने मी देवाचे आभार मानत होते. कोरिन दिवसभर सायकलवर. साखळी निघाली तर न्यायाधीश बसवून देत, गुडघा फुटला तर हृदयाचे डॉक्टर पट्टी लावत. कुणी "कुणाची गं तू?" म्हणालं की ती पिढ्या म्हणायची आणि ऑबीचं नाव सगळ्यांत मोठ्याने घ्यायची. अशी माणसं, असा रस्ता मी जन्मात पाहिला नव्हता.

फेब्रुवारीत मागच्या अंगणात एक खड्डा दिसला. हातभर खोल, कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ.

"खार असेल," थॅडियस म्हणाला.

"खार फावडं कुठून आणते?"

त्याने खड्डा बुजवला. सकाळी तो उघडा होता, आणि आठ पावलांवर दुसरा होता. पुढच्या रविवारी तिसरा. बुजवायचं आम्ही सोडून दिलं. खड्डे घराच्या बाजूने वळले, पुढच्या हिरवळीवर आले. डेल्फीनबाई एकदा बघून गेल्या. त्यानंतर त्या फाटकातून आत येत नाहीत.

कोरिन आता अंगणातच सायकल चालवते. खड्ड्यांच्या रेषेपाशी आली की आपणहून वळते. मी म्हटलं, जा की रस्त्यावर, सगळे वाट बघताहेत.

"नको," ती म्हणाली. "इथून बाहेर गेलंच नाही, तर कुणी अडवणारच नाही ना."

"कुणी सांगितलं तुला हे?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी मुद्दाम वेड घेऊन पेडगावला चालले आहे.

आज सकाळी फाटकासमोरचा शेवटचा खड्डाही खणून झाला होता. त्यात खांब उभा होता, आणि त्याला टेकवून ओल्या रंगाच्या दोन फळ्या ठेवलेल्या होत्या. मी रस्त्यावर होते. कोरिन फळ्यांच्या पलीकडे, हिरवळीवर बसली होती. मी तिला हाक मारली. बाहेर ये म्हटलं, ओरडून म्हटलं. ती नुसती मान हलवत होती, आणि डोक्यावर कुणीतरी हात ठेवावा तशी शांत हसत होती.