सड्यावरचं विमान

एकोणीसशे शहाण्णवच्या मार्चमध्ये प्रियदर्शनी आणि कपिल पाटणच्या पश्चिमेचं जंगल चढत होते. वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, अडकून पडलेल्या विमानातून त्यांना इंटरकॉम सोडवून आणायचा होता!

दोन आसनांचं, कापडाने मढवलेलं विमान ते. हिवाळ्यात उडतानाच इंजिन बंद पडलं आणि प्रियदर्शनीने ते कसंबसं सड्यावर उतरवलं. दोघं बचावले, चाकं मोडली. वर जायला रस्ता नाही, म्हणून मालकाने विमानाचा नाद सोडला. पण त्यातला स्टिरिओ इंटरकॉम कपिलने स्वतः बनवला होता. पलूसला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. हेडफोन चढवले की इंजिनाच्या घरघराटातही शेजारच्याचा शब्द अगदी कानाशी येई. जमिनीवर मोजकंच बोलणारा कपिल आभाळात मोकळा व्हायचा. नदीबद्दल, आईबद्दल, ढगांबद्दल बोलत राहायचा. प्रियदर्शनीला त्या आवाजाची ओढ लागली होती. आणि आता वैमानिकाच्या नोकरीसाठी ती हैदराबादला निघाली होती.

वाट दाखवायला धनगरवाड्यातला तात्याबा होता.

"पानी जपून प्या, बाई. झरं आटल्यात," तो म्हणाला.

कड्याची वाट ढासळलेली. दोर बांधून, दगडांच्या खाचांत बोटं रुतवून ते चढले. वर रानात गवा आडवा आला! तिघं श्वास रोखून उभे राहिले. बऱ्याच वेळाने तो फुरफुरत निघून गेला.

दुपारी सडा लागला. कमरेएवढ्या पिवळ्या गवतात विमान एका पंखावर कललेलं होतं. दाराच्या कडेने मुंग्यांची रांग चालली होती. प्रियदर्शनीने विमानाच्या कापडावरून हलकेच हात फिरवला.

"काढायच्या आधी एकदा ऐकू या?"

कपिलने पिशवीतून मोटारसायकलची बॅटरी काढून तारा जोडल्या. दोघं आपापल्या जागी बसले. त्याने वॉकमन लावला. डाव्या कानात बासरी, उजव्या कानात तबला! तिने डोळे मिटले. खाली कोयनेचं पाणी चमकतंय, आपण उडतोय, असं तिला वाटलं.

अचानक संगीत तुटलं. कुणी बोललं की ते आपोआप थांबायचं.

"कपिल, काही म्हणालात?"

"न्हाई."

तेवढ्यात लांबून हाका मारत दाराशी आलेल्या तात्याबाचा आवाज मायक्रोफोनमधून दोघांच्या कानांत घुमला, "वणवा! आवं, भाईर पडा!"

धुराची भिंत वाऱ्याबरोबर चालून येत होती. कपिलने स्क्रूड्रायव्हर उचलला.

"जरा थांबा! एवढे स्क्रू..."

"कपिल, सोड ते!"

तो हलेना. तिने त्याची कॉलर धरली आणि त्याला बाहेर ओढलं. ते पळाले. धूर नाकातोंडात गेला. पुढे कडा, मागे आग!

तात्याबाने काडी ओढली आणि पुढचंच गवत पेटवलं. वाऱ्याने ती आग कड्याकडे पळाली. मागे काळी, तापलेली जमीन उरली.

"ह्यावर या! निजा पालथं!"

उरलेलं सगळं पाणी तात्याबाच्या घोंगड्यावर ओतून तिघं त्याखाली शिरले. आग जवळ आली. गर्जली. जाळायला काही न मिळाल्याने दोन्ही बाजूंनी निघून गेली.

त्यांनी डोकं वर काढलं तेव्हा विमानाचं कापड जळून गेलं होतं. आत नुसता सांगाडा धुमसत होता. कपिलने पाऊल उचललं, मग स्वतःच थांबला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तू हायस, तात्याबा हायती. लय झालं."

तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता.

डोंगराच्या दुसऱ्या धारेने ते उतरू लागले. पुढे तात्याबा काठीने वाट चाचपत होता. कपिल खाकरला.

"जाऊ नको असं न्हाई म्हनायचं मला. उडायलाच पायजेस तू. पर... लय बोलायचं राहिलंय."

"मग बोल की," ती म्हणाली.

आणि तो बोलायला लागला. उघड्या रानात, अडखळत, पण थांबला नाही. ही वाट सरू नये असं तिला वाटत होतं. खाली पाटणचे दिवे जवळ येत होते.