तिसऱ्या मजल्यावरचं उधाण

सिल्व्हर पार्कात तेव्हा, म्हणजे २००४ साली, पाणी दिवसाआड यायचं, आणि कधी येईल याचा नेम नसायचा. म्हणून अख्ख्या बिल्डिंगीची एकच युक्ती. स्वयंपाकघरातला नळ उघडा ठेवायचा आणि खाली ताटली पालथी घालायची. धार पडली की ताटली वाजते, बाई धावते. पण नळ तसाच ठेवून कुणी बाहेर गेलं की झालंच कल्याण! महिन्याला कुणा ना कुणाच्या घरात तळं व्हायचं.

त्या शनिवारी उर्मिला केबिन रोडवरून पडद्याचं कापड घेऊन चारला परतली, तर तिच्याच दाराखालून पाणी जिन्यात उतरत होतं. आत घोटाभर पाणी. ती घाबरली, पण सोफ्या-गाद्यांसाठी नव्हे. तिची आई पन्नाशीच्या आतच विसरायला लागली होती. आधी गॅस, मग घरचा रस्ता, मग लेकीचं नाव. उर्मिला शेहेचाळीसची होती. आणि नवरा काशीनाथ हल्ली साधी किल्ली सापडली नाही तरी म्हणायचा, "आईवर गेलीस बघ."

ती पाण्यातून तशीच स्वयंपाकघरात गेली. नळ घट्ट बंद होता. बाथरूमचाही.

काशीनाथ पाचला ऑफिसातून आला. "आल्या आल्या तूच बंद केला असशील," तो म्हणाला. "आणि ते विसरलीस."

रागावला असता तर बरं, पण तो समजुतीनं बोलला. ते तिला फार झोंबलं.

दोघं सुपडीनं पाणी भरू लागली. तेवढ्यात खालच्या हंसाबेन वर आल्या. त्यांचं छत गळत होतं. "उर्मिलाबेन, इतना पानी आया कहाँ से? आज तो बिल्डिंग में बूँद नहीं आई. टंकी खाली है."

उर्मिलेला त्यांना मिठीच मारावीशी वाटली.

"लाइन में बचा होगा," काशीनाथ म्हणाला. तोवर साठ बादल्या उपसून झाल्या होत्या.

फडकं पिळताना एक थेंब तिच्या ओठावर उडाला. खारट. जीभ आखडावी इतका खारट. तिनं चपलांच्या रॅकखालच्या पाण्यात बोट बुडवून चाखलं, पलंगाखालचं चाखलं. सगळीकडे तेच.

"अहो, चाखून बघा ना."

"घाम असेल तुझा," म्हणत त्यानं बादली उचलली.

रविवारी सकाळी फरशी वाळून पांढरी झाली होती. नुसती पांढरी नव्हे, रेघा होत्या. सरळ, जाड, चौकोन पाडणाऱ्या. हॉलमधली रेघ भिंतीखाली शिरत होती आणि पलीकडे स्वयंपाकघरात, भिंत नसल्यासारखी, पुढे जात होती. उर्मिलेनं शिवणाची टेप आणून चौकोन मोजले. सगळे एका मापाचे. एव्हाना तिला भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त वाटत होती. काशीनाथ आत झोपलेला होता. ती खाली जाऊन वॉचमनला, महिपतकाकांना, घेऊन आली. भाईंदरच्या मिठागरांत त्यांच्या वडिलांचा जन्म गेला होता.

महिपतकाकांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. आत आले ते चौकोनात पाय न टाकता, रेघेवरून.

"वाफं हायेत, ताई. मिठाचं."

"इथं मिठागर होतं?"

"कुटं न्हवतं?" ते वाकून बघत होते. "पन पानी आपसूक येत न्हाय. बांधाला उघाडी असते, लाकडाचं दार. उधाणाच्या टायमाला कुनीतरी ती उघडाय लागते. तवाच पानी आत येतं."

"काका, मी काही उघडलं नाही. नाही ना उघडलं?"

त्यांनी तिचे हात मागितले. उलटेसुलटे करून पाहिले.

"तुमी न्हाय. उघाडीवाल्याचं हात दुसऱ्या दिशी फुटतात. माज्या बापाचं फुटायचं."

ते आले तसेच रेघेवरून परत गेले.

उर्मिला दाराला टेकून थोडी रडली. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला स्वतःच्या डोक्याचा भरवसा वाटत होता. मग तिनं पदर खोचला, गोड्या पाण्यानं फरशी दोनदा पुसली आणि कोलंबीचं कालवण रांधलं.

दुपारी दोघं जेवायला बसली. काशीनाथनं भात कालवायला हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"चमचा दे गं."

लग्नातल्या पंगतीतही चमच्यानं जेवणाऱ्यांची तो टिंगल करायचा.

"काय झालं?" तिनं विचारलं.

त्यानं तळवा तिच्यापुढे उघडला. बोटाबोटाला चिरा पडल्या होत्या, कडा पांढऱ्या.

"कशानं झालं कुणास ठाऊक," तो हसून म्हणाला. "मला तर काही आठवतच नाही."